स्पेक्ट्रमवर कॅसेट लोड होत नाही? स्क्रू-ड्रायव्हर उचलण्याआधी हे तपासा

झेडएक्स स्पेक्ट्रम हा कॅसेटवरून प्रोग्रॅम भरणारा जुना घरगुती संगणक माळ्यावरून खाली काढला, टीव्हीला जोडला, सिंक्लेअरची कॉपीराइटची ओळ आली, सगळे खूश. मग कॅसेट लावली आणि पुढे काही होईना. दुरुस्तीला येणाऱ्या स्पेक्ट्रमपैकी बहुतेकांची तक्रार हीच असते, आणि त्यांतल्या बऱ्याच यंत्रांत बिघाड काहीच नसतो. दोष वायरीत असतो, टेप रेकॉर्डरमध्ये असतो, नाहीतर कॅसेटमध्ये. तोवर मालकाने यंत्र उघडून कीबोर्डची पट्टी मोडलेली असते, ती गोष्ट वेगळी.

हे यंत्र १९८२ मध्ये ब्रिटनमध्ये आलं, प्लस मॉडेल १९८४ मध्ये. प्लस पुढे परवान्याखाली 'डीबी स्पेक्ट्रम' या नावाने भारतातही विकलं गेलं, त्यामुळे आपल्याकडे अजून ते बऱ्याच घरांत निघतं. खाली लिहिलेलं दोन्हींना लागू आहे. १२८ के मेमरीच्या मॉडेलवाल्यांनी मेनूमधून '४८ बेसिक' हा पर्याय निवडावा आणि मग तपासायला घ्यावं.

आधी लक्षण नीट बघा

'लोड होत नाही' या एका वाक्यात निदान पाच वेगवेगळ्या तक्रारी दडलेल्या असतात. तुमची कोणती, ते ठरवा:

- लोड दिल्यावर कॅसेट चालू आहे, पण बॉर्डर (चित्राभोवतीची चौकट) पांढरीच राहते, हलत नाही.
- बॉर्डर लाल होते, आकाशी होते, पुन्हा लाल, साधारण सेकंदाला एकदा. पण पट्टे पळत नाहीत.
- लाल-आकाशी पट्टे येतात, मग क्षणभर निळे-पिवळे येतात, पण प्रोग्रॅमचं नाव काही छापलं जात नाही.
- नाव येतं, चित्र भरू लागतं आणि मध्येच 'आर टेप लोडिंग एरर'.
- सगळं शेवटपर्यंत जातं, चार-पाच मिनिटं पूर्ण होतात आणि अगदी शेवटी तीच एरर. किंवा यंत्र रीसेट होतं.

या लक्षणांतला फरक कळायला यंत्र आत काय करतं ते थोडं माहीत हवं. स्पेक्ट्रममध्ये कॅसेटसाठी वेगळा कंट्रोलर नाही. फाइल सिस्टिम म्हणावी असं काही नाही. ईअर सॉकेटमधून आलेला आवाज यूएलए या स्पेक्ट्रमसाठीच बनवलेल्या चिपमधून जातो आणि प्रोसेसरला एका पोर्टवर फक्त एक बिट दिसतो: सिग्नल वर आहे की खाली. साडेतीन मेगाहर्ट्झचा हा झेड८० प्रोसेसर तो बिट सतत बघत बसतो आणि एका पलटीपासून दुसऱ्या पलटीपर्यंत किती वेळ गेला ते मोजतो. दोन छोट्या पलट्या म्हणजे शून्य, दुप्पट लांबीच्या दोन पलट्या म्हणजे एक. आवाज किती मोठा, किती गोड, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. पलटी स्पष्ट दिसली पाहिजे एवढंच. या कामात तो इतका गुंतलेला असतो की इंटरप्ट (कामात मध्येच थांबवणारे संकेत) बंद ठेवतो आणि कीबोर्डवरची फक्त ब्रेकची की बघतो. लोड चालू असताना बाकीच्या कीज मेलेल्या वाटतात त्या यामुळे. कीबोर्ड बिघडलेला नसतो.

आणि प्रत्येक पलटीला बॉर्डरचा रंग बदलतो. ही सोय फुकटातला ऑसिलोस्कोप आहे, पण बहुतेक लोक ती शोभेची समजतात.

पांढरी बॉर्डर म्हणजे एकही पलटी पोचलेली नाही: वायर, पिन किंवा आवाज. सेकंदाला एकदा रंगबदल म्हणजे काहीतरी पोचतंय, पण ते कॅसेटच्या सुरुवातीच्या 'टूऽऽ' आवाजासारखं एकसारखं नाही. हा टू म्हणजे साधारण ८०० हर्ट्झचा सूर, हेडरच्या (प्रोग्रॅमचं नाव असलेल्या सुरुवातीच्या छोट्या तुकड्याच्या) आधी पाच सेकंद आणि मजकुराच्या आधी दोन सेकंद. तो नीट पोचला की लाल आणि आकाशी पट्टे सारख्या जाडीचे दिसतात. लाल जाड आणि आकाशी बारीक, किंवा उलट, असं दिसलं तर सिग्नल एका बाजूला झुकलाय. आवाज कमी-जास्त करून ते पट्टे सारखे होईपर्यंत पुढे जाऊच नका.

नाव न येण्याचं कारणही सरळ आहे. हेडर चुकीचा वाचला गेला तर रॉम (यंत्रातली कायमची मेमरी, जिच्यात लोड करणारा प्रोग्रॅम असतो) काही बोलत नाही, मुकाट पुढचा हेडर शोधायला लागते. एरर येते ती नावानंतरच्या मुख्य ब्लॉकमध्ये. तीही दोन प्रकारे. मध्येच एरर आली तर त्या जागी सिग्नल काही काळ गायबच झाला, म्हणजे पलटीची वाट बघून प्रोसेसर थकला. अगदी शेवटी आली तर पलट्या सगळ्या मिळाल्या, पण कुठेतरी शून्याचा एक किंवा एकाचा शून्य झाला, आणि ब्लॉकच्या शेवटच्या तपासणी-बाइटशी हिशेब जुळला नाही. ही तपासणी फक्त शेवटीच होते, चूक दुरुस्त करण्याची सोय नाही, तेवढाच तुकडा पुन्हा वाचायचीही नाही. दुसऱ्या सेकंदाला चूक झाली तरी चार मिनिटं बसून मगच कळतं.

फुकट होणाऱ्या तपासण्या

कमांड बघा. साध्या स्पेक्ट्रमवर 'जे' दाबलं की अख्खा लोड शब्द येतो, मग सिम्बॉल शिफ्ट धरून 'पी' दोनदा. प्लसवर अवतरणाची वेगळी की आहे. अवतरणात नाव लिहिणार असाल तर कॅसेटवरच्या नावाशी अक्षरन् अक्षर जुळलं पाहिजे, लहान-मोठ्या अक्षरांसकट. नाहीतर यंत्र नावं छापत छापत पुढे जातं आणि काहीच लोड करत नाही. नाव न लिहिणं उत्तम. 'बाइट्स' असं छापून पुढे जात असेल तर तुम्ही कॅसेट मधूनच सुरू केलीय. पूर्ण रिवाइंड करा.

पिन उलटसुलट नाहीत ना? टेप रेकॉर्डरचा ईअर स्पेक्ट्रमच्या ईअरला जातो, माइक माइकला. हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरीही पांढऱ्या बॉर्डरचं सर्वांत नेहमीचं कारण हेच. लोड करताना माइकची वायर काढूनच ठेवा, सेव्ह करताना ईअरची. दोन्ही सॉकेट यूएलएच्या एकाच पायाशी जातात, त्यामुळे दोन्ही लावलेल्या असल्या की एकाचा सिग्नल दुसऱ्यात घुसतो.

आवाज तीन-चतुर्थांशापासून सुरू करा, ट्रेबल पूर्ण, बेस कमीत कमी, डॉल्बी (खरखर कमी करणारी सोय) असेल तर बंद. वर सांगितल्याप्रमाणे टू वाजत असताना पट्टे बघत आवाज फिरवा. कानाला 'चांगला' वाटणारा आवाज इथे बहुधा कमीच असतो.

टेप रेकॉर्डर टीव्हीपासून हातभर लांब ठेवा. जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीभोवतीचं चुंबकीय क्षेत्र हेडमध्ये (टेप वाचणाऱ्या भागात) गुरगुर पोचवतं. त्याच विचाराने रेकॉर्डर एकदा सेलवर चालवून बघा. सेलवर चालला आणि लाइटवर नाही, तर दोष रेकॉर्डरच्या पॉवरमध्ये आहे, तुमचं निदान संपलं.

मग कॅसेट. लावण्याआधी एकदा पूर्ण पुढे, पूर्ण मागे फिरवा. वर्षानुवर्षं एकाच जागी बसलेल्या टेपच्या पट्टीचे वेढे एकमेकांना चिकटलेले असतात. मुंबई, कोकण, गोव्याकडच्या कॅसेटवर पांढरट बुरशी दिसली तर ती कॅसेट अजिबात वाजवू नका, तुमचं हेडही खराब होईल आणि त्यानंतरची प्रत्येक कॅसेटही. कॅसेटच्या तोंडाशी, पट्टीच्या मागे, तांब्याच्या पत्र्यावर डाळीच्या दाण्याएवढं नमद्याचं पॅड असतं, तेही बघा. जुना डिंक सुटून ते पडून गेलेलं असतं. पॅड नसलं की पट्टी हेडला नीट दाबली जात नाही आणि मध्येच एरर येते. स्क्रूवाली कॅसेट असेल तर पट्टीची दोन्ही चाकं उचलून दुसऱ्या चांगल्या खोक्यात बसवता येतात. चिकटवलेली असेल तर खोकं फोडावं लागतं. ते काम घाईत करू नये.

आता सर्वांत उपयोगाची परीक्षा. दोन-तीन ओळींचा छोटा प्रोग्रॅम लिहा, कोऱ्या कॅसेटवर सेव्ह करा, ईअर लावून व्हेरिफाय करा (सेव्ह झालेलं मेमरीशी जुळतं का ते ही कमांड तपासते), मग यंत्र बंद-चालू करून लोड करा. स्वतः सेव्ह केलेलं लोड होतं आणि विकतची कॅसेट होत नाही, तर स्पेक्ट्रम ठणठणीत आहे. एकतर ती कॅसेट गेलीय, नाहीतर तुमच्या रेकॉर्डरच्या हेडचा कोन वेगळा आहे. स्वतःचं सेव्ह केलेलंही लोड होत नसेल तर वायर बदलून बघा, दुसरा रेकॉर्डर मागून आणून बघा. माझा नियम असा की ही परीक्षा झाल्याशिवाय कोणाचंही यंत्र उघडायचं नाही.

मोबाइलवरून लोड करणाऱ्यांसाठी

आजकाल बहुतेक जण कॅसेटऐवजी फोनमधून आवाज देतात. त्यात काही गैर नाही, पण इथल्या अडचणी निराळ्या आहेत.

पहिली, पिन. स्पेक्ट्रमचं ईअर सॉकेट मोनो आहे. फोनच्या वायरीवर दोन-तीन काळ्या रिंगा असतात, ती पिन यात घातली की उजवा चॅनल जमिनीला जातो. मोनो पिनची वायर घ्या. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा कुठल्याही गावातल्या रेडिओच्या दुकानात थोडक्या पैशांत मिळते.

दुसरी, जोर. जुना टेप रेकॉर्डर ईअरच्या भोकातून स्पीकरचं आउटपुट देतो, फोन त्यामानाने फारच कमी व्होल्टेज देतो. आवाज पूर्ण करूनही बॉर्डर पांढरी किंवा पट्टे तुटक दिसतात ते यामुळे. मध्ये छोटा अॅम्प्लिफायर लावा. त्याचा आवाज कमीपासून वाढवत न्या.

तिसरी, फोनचा शहाणपणा. इक्वलायझर, बेस बूस्ट, सराउंड, सगळं बंद. फोन विमान मोडवर. लोडच्या तिसऱ्या मिनिटाला व्हॉट्सअॅपचा टुंग झाला की प्रोसेसरच्या दृष्टीने ते शून्य-एकच. आणि फाइल डब्ल्यूएव्ही वापरा. एमपी३ आवाज माणसाच्या कानाच्या हिशेबाने दाबला जातो, पलट्यांच्या हिशेबाने नाही.

थोडे पैसे, थोडा वेळ: हेड

हेड साफ करणं. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कानात घालायची कापसाची काडी. हेडवर, त्याच्याशेजारच्या पोलादी दांडीवर आणि रबरी चाकावर फिरवा, काडी तपकिरी यायची थांबेपर्यंत. घरातलं सर्जिकल स्पिरिट शक्यतो नको, त्यात तेलकट अंश असू शकतो. पाच-दहा मिनिटं सुकू द्या.

हेड साफ असूनही 'शेवटी एरर' हे लक्षण टिकलं, तर हेड सेटिंग बघायचं. कारण असं: शून्याच्या दोन पलट्या मिळून साधारण २०५० हर्ट्झची एक लाट होते, एकाच्या मिळून १०२३ हर्ट्झची. हेड पट्टीला काटकोनात नसलं की वरचे सूर आधी बुजतात, लाटेच्या धारा गोल होतात आणि पलटी नेमकी कधी झाली ते सरकतं. म्हणजे सगळं ऐकू येतं, पण मोजमाप चुकतं.

हेडच्या दोन बाजूंना दोन स्क्रू असतात. एकाखाली बारीक स्प्रिंग दिसते, फिरवायचा तो. दुसऱ्याला हात लावायचा नाही. बऱ्याच रेकॉर्डरमध्ये प्लेचं बटण दाबल्यावर तो स्क्रू झाकणावरच्या एका बारीक भोकासमोर येतो. त्यावर लाल रंगाचा किंवा वार्निशचा थेंब असेल, तो कारखान्याचा. मूळ जागेची मार्करने खूण करा. घड्याळजीचा छोटा स्क्रू-ड्रायव्हर घ्या, शक्यतो चुंबक नसलेला. अडलेली कॅसेटच लावा, ईअरची वायर काढा म्हणजे स्पीकरवर ऐकू येईल, आणि स्क्रू अगदी थोडा, घड्याळाच्या काट्याच्या पाच मिनिटांएवढा, दोन्हीकडे फिरवून बघा. आवाज एका जागी एकदम करकरीत, कानाला टोचेल असा होतो. तीच जागा. अर्ध्या फेऱ्यापेक्षा जास्त फिरवायची वेळ आली तर तुम्ही चुकीच्या रस्त्यावर आहात, खुणेवर परत या.

दुसऱ्याच्या रेकॉर्डरवर सेव्ह केलेली कॅसेट असेल तर तिच्या कोनाला जुळवल्यावर तुमच्या जुन्या कॅसेट अडतील. मी अशांसाठी एक स्वस्त रेकॉर्डर वेगळाच ठेवतो आणि त्याचा स्क्रू हवा तसा फिरवतो.

बेल्ट आणि वेगाकडे लोक फार लवकर वळतात. रॉमचा लोडर वेगात बरीच सवलत देतो, कारण शून्य आणि एक यांच्यात दुपटीचं अंतर आहे. गाणं कानाला ठीक वाटत असेल तर वेग पुरेसा बरोबर आहे. अपवाद, स्पीडलॉकसारखे स्वतःचे लोडर वापरणारे खेळ: त्यांत पलट्या आणखी छोट्या असतात आणि सवलत कमी. त्यांत एरर न येता यंत्र थेट रीसेट होतं, तेव्हा 'स्पेक्ट्रम गेला' असं समजू नका. साधा बेसिक प्रोग्रॅम लोड होतो का, ते आधी बघा.

आता स्पेक्ट्रमकडे, पण अजून बाहेरूनच

मागच्या एज कनेक्टरला जॉयस्टिक इंटरफेस, प्रिंटर, काहीही लावलेलं असेल तर यंत्र बंद करून काढा आणि पुन्हा बघा. चालू यंत्रात तिथे काही काढ-घाल करणं म्हणजे चिप जाळण्याचा खात्रीचा मार्ग. इंटरफेस वन हा सिंक्लेअरचाच जोड-डबा लावलेला असेल तर तो मेमरीतला थोडा भाग स्वतःसाठी घेतो आणि काही खेळांचे लोडर त्यामुळेच कोलमडतात.

मेमरी किती आहे ते यंत्रालाच विचारा (पीक म्हणजे मेमरीतला आकडा वाचणारी बेसिकची कमांड): प्रिंट पीक २३७३२ + २५६ * पीक २३७३३. उत्तर ६५५३५ आलं तर ४८ के पूर्ण आहे. ३२७६७ आलं तर एकतर तुमचं यंत्र १६ केचं आहे, नाहीतर वरच्या ३२ केमध्ये दोष आहे. सुरू होताना रॉम मेमरी मोजते आणि वाईट जागा लागली की तिथेच थांबते. अशा यंत्रावर ४८ केचा खेळ कितीही चांगल्या कॅसेटवरून लोड होणार नाही. मधलाच कुठला तरी आकडा आला तर चिप खराब आहे हे जवळपास नक्की.

अॅडाप्टर. मूळचा ९ व्होल्ट डीसी, १.४ अँपिअर, आणि पिनच्या आत ऋण, बाहेर धन. बाजारातले बहुतेक अॅडाप्टर याच्या उलटे असतात. पिन बसते म्हणून लावला की खेळ खलास. मूळ अॅडाप्टर मल्टीमीटरने रिकामा मोजलात तर १२-१३ व्होल्ट दिसतील, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, तो रेग्युलेटेड नाही. वीसेक मिनिटांनी तापल्यावरच लोड फसतं, चित्रात आडवी लाट फिरते, अशी लक्षणं असतील तर अॅडाप्टरमधला किंवा आतला कपॅसिटर सुकला असण्याची शक्यता मोठी. तेवढ्याच व्होल्टेजचा, तीच ध्रुवता असलेला खात्रीचा अॅडाप्टर मिळाला तर लावून बघा.

इथे थांबा

पुढच्यापैकी काहीही दिसलं तर घरगुती उपाय बंद करा आणि वीज काढा:

चालू करताच कॉपीराइटच्या ओळीऐवजी उभे पट्टे किंवा रंगीबेरंगी चौकोन. खालच्या १६ के मेमरीच्या ४११६ चिपना +५, +१२ आणि −५ असे तीन व्होल्टेज लागतात. ते बनवणारा आतला भाग, टीआर४ ट्रान्झिस्टरच्या आसपासचा, जुन्या स्पेक्ट्रममध्ये वरचेवर जातो. −५ गेलेलं असताना यंत्र पुन्हा पुन्हा चालू करून बघितलंत तर चांगल्या चिपाही मरतात. 'एकदा बघू, आता चालेल' हा मोह इथे महागात पडतो.

जळका वास, किंवा कीबोर्डचा एक कोपरा हात ठेवता येणार नाही इतका गरम. रेग्युलेटरच्या पत्र्याची बाजू कोमट ते गरम असते, ते चालतं. चटका बसता कामा नये.

मेमरीचं उत्तर चुकीचं. चिप सोल्डर केलेल्या आहेत, आणि चाळीस वर्षांच्या बोर्डावरचे तांब्याचे ठिपके साध्या सोल्डरिंग आयर्नने सहज उखडतात.

काही कीज दाबल्या जात नाहीत आणि झाकण उघडायचा विचार आहे. कीबोर्डच्या दोन पारदर्शक पट्ट्या आता वाळलेल्या पापडासारख्या झालेल्या असतात; झाकण झटक्यात उचललं की कनेक्टरपाशीच तुटतात. नवी मेंब्रेन (या पट्ट्यांसकट कीजखालचा पातळ पडदा) बनवून मिळते, पण ती हातात आल्यावरच जुनी काढा.

आणि पिक्चर ट्यूबचा टीव्ही कोणत्याही कारणाने मागून उघडू नका. बंद केल्यावरही ट्यूबवर हजारो व्होल्ट साठून राहतात. ट्युनिंगचं कामसुद्धा पुढून होत नसेल तर टीव्हीवाल्याकडे द्या.

दुरुस्तीला कोणाकडे न्यायचं? जुने रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारा, डीसोल्डरिंग पंप नीट हाताळणारा माणूस मोबाइलच्या दुकानापेक्षा बरा. त्याला तीन गोष्टी आधीच सांगा: पहिल्यांदा व्होल्टेज मोजा, चिप मग; यूएलए मागेल तिथे मिळत नाही, म्हणून तिला शेवटी हात लावा; आणि काढलेला प्रत्येक भाग पिशवीत घालून परत द्या. 'सगळी रॅम बदलून टाकतो' असं न मोजताच म्हणणाऱ्याकडे यंत्र ठेवू नका. सोबत तुम्ही केलेल्या तपासण्या कागदावर लिहून द्या: बॉर्डर कशी दिसली, स्वतःचं सेव्ह केलेलं लोड झालं का, पीकचं उत्तर काय आलं.